आईचं कागदावरचं वय

त्या उन्हाळ्यात मी लोकांना वय विचारत हिंडत होते. शाळा बंद होती, पण आम्हा शिक्षकांना सुटी नव्हती. गारखेड्यातल्या चार गल्ल्या माझ्या वाट्याला आल्या होत्या. सकाळी सातला निघायचं, तोंडाला मास्क, हातात परीक्षेला नेतात तसलं पॅड, आणि प्रत्येक दारापासून चार पावलं लांब उभं राहून ओरडून विचारायचं. घरात माणसं किती, ताप-खोकला कुणाला, शुगर-बीपी कुणाला, आणि वय काय. फॉर्मच्या शेवटी एक रकाना वेगळा होता: पासष्टच्या वरचं कुणी घरात एकटं राहतं का? राहत असेल तर त्याचं नाव मदतीच्या यादीत जायचं. मग वस्तीतली तरुण मंडळी त्यांना किराणा, औषधं आणून द्यायची, पाणी भरून द्यायची.

मला पहिल्यापासून नसत्या चौकशांची खोड. आई म्हणते, बारशाला माझ्या कानात 'कुर्र' करायच्या ऐवजी कुणीतरी 'का?' म्हणालं असणार. त्यामुळे बरोबरचे शिक्षक या कामाला वैतागले होते तेव्हा मला मात्र त्यात मजा वाटायला लागली होती. वय विचारलं की म्हातारी माणसं आकडा सांगतच नाहीत, हे मला तेव्हा कळलं. एक आजी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात महं पहिलं पोरगं रांगत होतं, काढ आता तूच." दुसऱ्या म्हणाल्या, मालक सात वर्षांनी मोठे होते, ते साठीत गेले, त्याला किती वर्षं झाली ते सुनेला माहीत आहे. एका आजोबांनी तर मलाच विचारलं, "कोन्तं सांगू बाई? शाळंतलं का खरं?"

शाळेतलं म्हणजे एक जून. माझ्या चार गल्ल्यांतले इतके म्हातारे एक जूनला जन्मलेले निघाले की त्या दिवशी सगळ्या मराठवाड्यात सुइणींना जेवायला तरी वेळ मिळाला होता की नाही, कोण जाणे. गुरुजी वाड्या-वस्त्यांवरून पोरं गोळा करायचे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला, की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून तारीख एक जून. हात लांब असलेली पोरं अशी लवकर मोठी झाली. आमच्या शहराचं नावसुद्धा तेव्हा कागदावर एक आणि पुष्कळांच्या तोंडी दुसरं होतं, मग माणसांचं काय घेऊन बसायचं.

आमच्या अपार्टमेंटच्या गेटवरचा फलक मीच लिहिला होता. पासष्टच्या वरच्यांनी गरजेशिवाय घराबाहेर पडू नये, असं सरकारनं सांगितलं होतं. आमच्या कमिटीनं त्यातलं 'गरजेशिवाय' गाळून टाकलं. उगाच वाद नकोत, एकदा नाही म्हटलं की नाही, असं ठरलं आणि अक्षर चांगलं म्हणून खडू माझ्या हातात आला. वॉचमनसाठी पासष्टच्या वरच्या सदस्यांची यादीही मीच केली. आधार कार्ड बघून पहिलं नाव आईचं घातलं, वय सहासष्ट. स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी, असा माझा तोरा होता.

आईनं फलक वाचला नाही, मीच वाचून दाखवला. ती म्हणाली, "मंजी मी आता कोंडवाड्यात?"

"तुझ्याच भल्यासाठी आहे."

"ढोरं कोंडतेत तव्हाबी त्याह्यच्या भल्यासाठीच कोंडतेत."

घरात आम्ही दोघीच होतो. नवरा बदलीच्या गावी अडकला होता. मी रोज चाळीस दारं फिरून यायचे आणि आईनं मात्र घरात बसायचं. मी आल्यावर दारातच चप्पल काढून सरळ न्हाणीत पळायचे, तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "आली बाई तापाची गाडी." ती गमतीनं म्हणायची, पण मला टोचायचं. रोग घरात आलाच असता तर माझ्याच पायांनी आला असता, आणि यादीत नाव होतं तिचं.

आईचा जीव अडकला होता तो दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मावशीत. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई तिला आक्का म्हणते आणि मावशी आईला बारके म्हणते, अजूनही. मावशीचा मुलगा शेंद्र्याला कंपनीत. त्या दिवसांत कंपनीनं कामगारांची राहायची सोय आतच केली होती, म्हणून तो तिकडे. सून लेकरांना घेऊन माहेरी गेली ती तिथंच अडकली. मावशी एकटी. तिला दमा आहे, गुडघे कामातून गेलेत, आणि घर वरच्या मजल्यावर. खालचे भाडेकरू गावी निघून गेले होते.

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही नशीब असेल तर. पाणी सुटायच्या दिवशी गल्लीत लग्नघराची धावपळ असते. मावशीच्या घरी नळ खाली, वर पाणी चढत नाही. चौदा पायऱ्या चढून सगळं भरावं लागतं. कित्येक वर्षं तो दिवस आईचा होता. सून असली तरी आई जायचीच. ती बादल्या घेऊन चढायची-उतरायची आणि मावशी पायरीवर बसून मागच्या गोष्टी सांगायची. दोघींचं सगळं सुखदुःख त्या एका तासात बोलून व्हायचं. लॉकडाऊनमध्ये हे बंद झालं. पाणी सकाळी यायचं आणि मी सकाळी ड्युटीवर. मी एक-दोनदा वाकडी वाट करून गेले, थोडं भरून दिलं. पण रोज इतक्या दारांवरून येणाऱ्या बाईनं दम्याच्या माणसाच्या घरात किती वेळ थांबावं, याची मलाच भीती वाटायची. मावशी म्हणायची, "तू जा माय, मी भरते हळूहळू."

मावशीला बाहेर पडायला कुणाची आडकाठी नव्हती. तिच्या आधार कार्डावर साठ वर्षं होती. ती तोंडाला पदर लावून, हाशहुश करत आमच्या गेटपर्यंत यायची आणि बाहेर कट्ट्यावर बसायची. आतल्या बाजूला आई स्टूल टाकून बसायची. मध्ये लोखंडी गेट. एकदा आई वॉचमनला म्हणाली, "भाऊ, जी बाहीर हाय ती आत पायजे आन जी आत हाय ती बाहीर. समदं उलटं करून ठिवलंय तुमी." तो बिचारा हसला. मला वाटलं, आईची नेहमीची तिरकस बोलणी.

पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. पासष्ट म्हणजे नक्की काय, हे मी त्या दिवसांत ज्याला-त्याला विचारत सुटले होते. आमचे कमिटीचे अध्यक्ष एकाहत्तर वर्षांचे. नियमाच्या बाजूचे आणि स्वतः नियमात अडकलेले. रोज पहाटे चार किलोमीटर चालणारा माणूस, आता गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. मी खालून विचारलं, "काका, पासष्टच का? चौसष्टला काय कमी धोका?"

ते वरून म्हणाले, "मॅडम, रेघ कुठंतरी ओढावीच लागते. माझी तर कुंडली आहे, घटका-पळांसकट. वय लपवायची सोयच ठेवली नाही आमच्या घरच्यांनी." मग म्हणाले, "रेघ मान्य आहे हो. पण काल नातवानं मला 'तुम्ही व्हल्नरेबल आहात' असं इंग्रजीत सांगितलं. शब्द कोशात बघितला मी, चटकन इजा होईल असा. वाईट वाटलं." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते आवाजात कळत होतं.

त्याच गेटबाहेर, माझ्या सुंदर अक्षरातल्या फलकाच्या बरोब्बर खाली, दौलताबादकडून भाजी घेऊन येणारी एक बाई रोज बसायची. तोंडाचं बोळकं झालेलं, पाठ वाकलेली. सत्तरीची तरी असावी. तिला कुणी घरात बस म्हटलं नाही. उलट ती एक दिवस आली नाही तर आतली सगळी पासष्टच्या वरची मंडळी हळहळली. मी तिलाही वय विचारलं. ती म्हणाली, "वय भाकर देतंय व्हय?" आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीची काडी टाकली. म्हाताऱ्यांना जपणारा आमचा नियम गेटच्या आतल्या म्हाताऱ्यांपुरताच होता. हे लक्षात आलं तेव्हा मला फलकाखालून जाताना जरा कसंतरी व्हायला लागलं, पण मी तो पुसला नाही.

मग मावशीची गल्ली सर्वेक्षणात आली. आपल्याच मावशीला दारात उभं राहून वय विचारायचं म्हणजे हसू येत होतं. तिनं डब्यातून आधार कार्ड काढून लांबून दाखवलं. एक जून, साठ नुकतीच पूर्ण झालेली. मी साठ लिहिलं. दमा लिहिला. शेवटच्या रकान्यात, पासष्टच्या वरचं कुणी एकटं राहतं का, तिथं फुली मारली. ती एकटी होती, पण पासष्टची नव्हती.

दुपारी घरी फॉर्म नीट लावून ठेवताना माझं लक्ष गेलं. आई सहासष्ट. मावशी साठ. थोरली बहीण धाकटीपेक्षा सहा वर्षांनी लहान! चाळीस वर्षं मी या दोघींच्या अंगाखांद्यावर वाढले आणि मला हे कधी दिसलं नाही. कारण आपल्याकडे बायकांना 'किती लेकरं?' विचारतात, 'वय काय?' कोण विचारतं.

"आई, मावशी तुझ्यापेक्षा किती मोठी?"

"हाय की मोठी."

"मग कागदावर लहान कशी?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटवली. "कागदाला काय, कुनीबी लिव्हतंय."

"पण कुणी लिहिलं?"

"भाकर करपती, जा तिकडं."

भाकरी काही करपत नव्हती. मी दोन दिवस मागे लागले. ती कधी बहिरी झाली, कधी झोपली, कधी देवापुढे बसली. वर्गात पोरं टाळाटाळ करतात ती मला ओळखू येते, आणि आईची टाळाटाळ त्याच जातीची होती. काहीतरी फुटलं होतं आणि दोघींनी मिळून ते फडताळामागं सारलं होतं.

पाण्याचा दिवस आला. मी नेहमीसारखी बाहेर होते. अकराच्या सुमाराला वॉचमनचा फोन आला. "मॅडम, आजी गेल्या भाईर. मी लई अडवलं. त्या म्हणल्या, तुहं नाव सांगनार नाय, पण आडवा आलास तर ढकलून जाईन."

माझा पारा चढला. सगळ्या कॉलनीला नियम शिकवणारी मी, आणि माझीच आई! पॅड काखेत मारून मी तरातरा मावशीच्या घरी गेले. काय काय बोलायचं ते रस्त्यातच ठरवून ठेवलं होतं.

जिन्याच्या पाचव्या पायरीवर मावशी बसली होती. हातात दम्याचा पंप, मान पुढे, छातीतून शिट्टीसारखा आवाज. तिच्या पायाशी एक कळशी आडवी पडली होती आणि पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी. आई पदर खोचून, दोन रिकाम्या बादल्या घेऊन वरून उतरत होती. तिचा श्वाससुद्धा वाढलेला नव्हता.

"आई! वय काय तुझं, आणि करतेस काय!" मी ओरडले.

तिनं बादल्या नळाखाली ठेवल्या. माझ्याकडे बघितलं.

"कोन्तं वय?" ती म्हणाली. "तू यादीत लिव्हलंस ते, का महं?"

मावशीनं हातानं मला बस म्हणून खुणावलं. श्वास जरा जागेवर आल्यावर म्हणाली, "सांग तिला, बारके. आता कुनाचं भेव. दोघी पिकल्यात."

नळाची धार बारीक होती. बादली भरायला वेळ लागत होता. तेवढ्या वेळात आईनं सांगितलं.

शेंद्र्याच्या पल्याड त्यांचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीला तळ दिसला, घरात दाणा नाही. सरकारनं रस्त्याचं काम काढलं. खडी फोडायची, मुरूम वाहायचा. मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, नाव लागायला वय अठरा पाहिजे. मावशी खरोखरच अठराची होती, तिचं नाव लागलं. पण एकीच्या कामावर सात तोंडं भरेनात. आई तेव्हा नुकतीच चौथी पास झाली होती, पाचवीचं पुस्तक मिळायची वाट बघत होती.

"मग आक्कानं आपलं लुगडं मला नेसवलं," आई म्हणाली. "लुगडं लई मोठं, समदं पोटापाशी कोंबलं. बा म्हणला, सायबानं पुसलं तर अठरा सांगायचं. रस्त्यानं जाताना आक्का घोकून घ्यायची माझ्याकडून. वय किती? अठरा. वय किती? अठरा."

"मग?"

"पुसलं सायबानं. मी म्हणलं, अठरा. त्यानं वर सुदिक बघितलं नाय. लिव्हलं."

"आणि खरं किती होतं?"

"बारा असंल."

मी सहावीला शिकवते. माझ्या वर्गात बारा वर्षांच्या मुली आहेत. पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलं तर त्या ते उघडायला माझ्याकडे येतात. आईनं बादली उचलली, वर गेली, ओतून खाली आली.

"रोज कामावर खायला सुकडी मिळायची मूठभर," ती म्हणाली. "गोड असायची. ती आवडायची मला." मग बादली परत नळाखाली सरकवत म्हणाली, "तव्हापून कुनीबी सायब वय पुसाया आला की मला तेच येतंय. मतदानवाला आला, रेशनवाला आला. मी सांगायची, दुष्काळात अठराची होते. ते जोडून घ्यायचे. आधारवाल्यानंबी जोडलं."

"अगं पण शाळेचा दाखला असेल की तुझा! चौथी पास होतीस ना?"

मग मावशी बोलली. एक वाक्य, एक श्वास असं.

मावशीचे यजमान गेले तेव्हा मुलगा शाळेत होता. शहरात एका शाळेत आयाची जागा निघाली. चौथी पास पाहिजे आणि वय चाळीसच्या आत. मावशी शाळेची पायरी चढलेली नाही आणि चाळिशी उलटलेली. तेव्हा आईनं पेटीच्या तळातून स्वतःचा दाखला काढून दिला. लग्नात दोघींचीही नावं बदललेली. माहेरच्या नावानं ओळखणारं शहरात कोण होतं? मावशीनं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की या दाखल्यावरची मुलगी ती मीच. त्या दाखल्यावर ती निवृत्त होईपर्यंत शाळेत राहिली, मुलाला शिकवलं, आणि आता त्याच दाखल्यावर तिची थोडीशी पेन्शन येते.

"हिनं मला चौथी पास केलं," मावशी म्हणाली.

"आक्कानं मला अठराची केलं व्हतं ना," आई म्हणाली. "मंग? फिटलं."

मी पायरीवर बसून हे सगळं जुळवत होते. धाकटीला दुष्काळात वय कमी पडलं तेव्हा थोरलीनं आपलं दिलं. थोरलीला पुढं वय जास्त झालं तेव्हा धाकटीनं आपलं दिलं. त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं. मग आम्ही आलो, पासष्टची रेघ आणि खडू घेऊन. साठ वर्षांच्या धडधाकट बाईला कोंडलं आणि सहासष्ट वर्षांच्या दमेकरणीला चौदा पायऱ्या चढायला मोकळं सोडलं. तिचं नाव मदतीच्या यादीत जाणार होतं, तिथं फुली मी मारली होती. तिला धाप लागते हे मी लहानपणापासून बघत आलेय, तरी कागद बघितला आणि फुली मारली. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि त्या कुणा मेलेल्या साहेबाचाही राग आला, ज्यानं मान वर करून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मी अध्यक्षांच्या दाराशी गेले. आईचं खरं वय साठ आहे, यादीतून नाव काढा, म्हटलं.

"काढू की. पुरावा द्या काहीतरी."

मी तशीच परत आले. आईच्या साठीचा पुरावा जगात एकच होता, आणि त्या पुराव्यावर मावशीची चूल पेटत होती.

आईनं माझा उतरलेला चेहरा बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बोचकं बांधलं. दोन लुगडी, एक चादर, देव, मिसरीची डबी. गेटवर वॉचमनला म्हणाली, "जायचं-यायचं बंद हाय ना? मंग मी जाते. येतच नाय. हाय का नियमात कुठं?" नियमात नव्हतं. फलक लिहिणारी मी, मला तरी तसं काही आठवत नव्हतं. ती ताठ मानेनं गेली आणि लॉकडाऊन उठेपर्यंत बहिणीकडेच राहिली. घरात मी एकटी उरले. आईला जपायला लिहिलेला फलक रोज येता-जाता वाचायचा, बस्स.

ते दिवस आईच्या आयुष्यातले फार सुखाचे असावेत. पाणी सुटलं की ती बादल्या चढवायची आणि मावशी पायरीवर बसून गोष्टी सांगायची. मी लांबून, रस्त्यावर उभी राहून ऐकायचे. ज्या रस्त्यासाठी त्यांनी खडी फोडली तो आता कुठं आहे, असं मी एकदा विचारलं. मावशी म्हणाली, कंपन्यांकडे जाणारा मोठा रस्ता आहे ना, त्याच्याच पोटात असणार. तिचा मुलगा त्याच रस्त्यानं कामाला जातो. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

सर्वेक्षणाची दुसरी फेरी आली. मी मावशीच्या दाराशी उभी राहिले. दोघी उंबऱ्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी फॉर्मवर मावशीपुढे सहासष्ट लिहिलं आणि आईपुढे साठ. लिहिताना बरं वाटलं. कुठंतरी एका कागदावर तरी खरं असू दे, असं वाटलं.

तीन दिवसांनी आरोग्य केंद्रावर सर्वेक्षणाच्या साहेबांनी मला बोलावलं. वाईट माणूस नव्हता, रात्रंदिवस कामानं डोळे लाल झालेले. म्हणाले, "मॅडम, ही दोन वयं आधारशी जुळत नाहीत. उलटी पडलीत." त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवलं. "या बाईंचं वय किती?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते कागदाकडे बघत होते. आईचं सगळं सांगायचं तर मावशीचंही सांगावं लागलं असतं.

"सहासष्ट," मी म्हणाले.

"मग करा दुरुस्त."

मी खोडून दुरुस्त केलं, बाजूला सही केली. चांगल्या अक्षरात.

परतताना मावशीच्या जिन्यापाशी गेले. आई नळावर होती. मला राहवलं नाही. मी सांगितलं, "आई, मी तुझं खरं वय लिहिलं होतं. पण त्यांनी विचारलं आणि मी परत सहासष्ट सांगितलं."

"कुनी पुसलं?"

"साहेबांनी."

आईनं नळ बंद केला. मला वाटलं ती रागावेल, किंवा हसेल. ती माझ्या जवळ आली, लॉकडाऊन लागल्यापासून पहिल्यांदा इतकी जवळ, आणि ओल्या हातानं माझा मास्क नाकावर नीट सरकवला.

"बराबर केलंस," ती म्हणाली. "सायबानं पुसलं तर तेच सांगायचं असतंय."

वर्गात माझ्या मुली घोकलेला पाढा म्हणतात, अगदी त्या आवाजात म्हणाली.